दुबई की म्युनिक? पगाराचे आकडे समोर आहेत, पण ताळा जमत नाही

सिंहगडरोड:
आयटीतल्या दोन ऑफर आहेत. दुबई महिना २५,००० दिरहम, त्यात बेसिक १०,०००. म्युनिक वर्षाला ८४,००० युरो ग्रॉस. बायको सध्या नोकरी करणार नाही. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. खर्चाची तुलना करणाऱ्या साइट्सवर एकदा हे शहर स्वस्त दिसतं, एकदा ते. भाडं, शाळा, आणि पाच वर्षांनी परत आलो तर हातात काय, एवढं कोणी नीट सांगेल का?

हिशोबनीस:
आधी रुपयात गुणणं थांबवा. पगार रुपयात मांडला जातो, भाडं मांडायचं राहून जातं. त्या साइट्सवर न्यूयॉर्कला १०० धरतात, किमती लोकांनीच भरलेल्या असतात आणि मुख्य निर्देशांकात घरभाडं नसतंच. तुमचा सगळ्यात मोठा खर्च तोच.

म्युनिक, २०२५ च्या दरांनी: महिना ७,००० ग्रॉस. पेन्शन ९.३ टक्के, बेरोजगारी विमा १.३ टक्के, सरकारी आरोग्य विमा आणि काळजी विमा (म्हातारपणी-आजारपणी लागणाऱ्या देखभालीचा) मिळून सुमारे १,३०० जातात. स्टॉयरक्लासे (करगट) तीनमध्ये, जो न कमावणारी बायको सोबत असेल तर मिळतो, आयकर ९३० च्या आसपास. हातात ४,७५०, शिवाय किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) दोन मुलांचं ५१०. म्हणजे ५,२६०.

७५ चौरस मीटरचं तीन खोल्यांचं घर (हॉल धरून तीन, म्हणजे आपला टूबीएचके) वार्ममिटे (हीटिंग आणि देखभाल धरून भाडं) २,००० च्या आगेमागे. वीज, इंटरनेट आणि १८.३६ चा रेडिओ-टीव्ही कर धरून १५०. किराणा ९००, बालवाडी आणि जेवण २५०, दोन डॉइचलांड-टिकिटं (बस-लोकलचा देशभर चालणारा महिन्याचा पास) २०२५ च्या दराने ११६. कपडे, सुट्ट्या, भारतवारी सोडून १,८०० च्या आसपास उरावेत.

लोक फसतात ते इथे:
- कुटुंब नंतर येणार असेल, तर ते येईपर्यंत स्टॉयरक्लासे एक लागतो. महिन्याला ५००-५५० युरो कमी हातात. मात्र ३१ डिसेंबरच्या आत ते तिथे राहायला आले, तर वर्षाचं रिटर्न दोघांचं एकत्र भरता येतं आणि जादा कापलेलं बरंचसं परत येतं. बायकोची त्या वर्षातली भारतातली कमाई तेव्हा दाखवावी लागते, तिच्यामुळे कराचा दर थोडा चढतो.
- खाजगी विम्याची मर्यादा २०२५ मध्ये ७३,८०० होती, तुमचा पगार त्याच्या वर असल्यामुळे एजंट खाजगी विमा विकायला येतील. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं फुकट असतात, खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. चौघांच्या घराने तिकडे जाऊ नये.
- रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. ओटा, सिंक, कपाटं, कधी छताचे दिवेसुद्धा नसतात. आधीच्या भाडेकरूकडून स्वयंपाकघर विकत घेता आलं (त्याला आब्लोझे म्हणतात) तर बरं, नाहीतर काही हजार युरो बाजूला ठेवा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमिटे (हीटिंग वगैरे सोडून नुसतं भाडं), आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं.

बरदुबईकर:
दुबईत पगारावर कर नाही, पण सुरुवातीचा दणका मोठा. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने देतात. वर्षाला १,१०,००० चं टूबीएचके चार चेकवर घेतलं तर पहिल्याच दिवशी २७,५०० चेकचे, ५,५०० डिपॉझिट (५ टक्के, फर्निश्ड असेल तर १०), ५,५०० एजंटचे, देवाचे २,००० डिपॉझिट (देव नव्हे हो, वीज-पाणी खातं), आणि इजारी (भाडेकराराची सरकारी) नोंदणी. ४०,००० च्या वरच. पहिला पगार व्हायच्या आत.

महिन्याचा अंदाज: भाडं ९,२००, पालिकेची हाउसिंग फी, भाड्याच्या ५ टक्के, ४६० (ही विजेच्या बिलातूनच येते), वीज-पाणी आणि चिलर (इमारतीच्या एसीचा आकार) १,०००, दोन मुलांची भारतीय अभ्यासक्रमाची शाळा बससह ३,०००, किराणा २,५००, गाडी, पेट्रोल, सालिक (रस्त्याचा टोल) मिळून २,२००. उरले साडेसहा हजार. युरोत पाहाल तर म्युनिकपेक्षा थोडे कमीच. ब्रिटिश शाळा निवडली तर तेही कठीण. प्रत्येक शाळेची मंजूर फी केएचडीए (दुबईचं शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं) जाहीर करतं, घर शोधण्याआधी ती बघा. भाड्याच्या जाहिरातीत 'चिलर फ्री' आहे का तेही विचारा, मे ते सप्टेंबर एसी बंद होत नाही.

आता बेसिक १०,०००, हे मला खटकतंय. ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची. १०,००० वर पाच वर्षांचे ३५,००० दिरहम होतात, तेच १५,००० वर ५२,५००. एकूण पगार तोच ठेवून बेसिक वाढवून मागा, कंपन्या यात वाकतात.

इसारकाठ:
मुलीचं वय कोणी लक्षात घेतलेलं दिसत नाही. बायर्नमध्ये (म्युनिकचं राज्य) चौथीनंतर उबरट्रिट, म्हणजे पुढच्या शाळेची विभागणी, असते: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिमनाझिउम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा). (तिथे १ हा सर्वोत्तम गुण.) आठव्या वर्षी जर्मन न येता गेलेल्या मुलीकडे जेमतेम दीड-दोन वर्षं उरतात. नवीन आलेल्यांसाठी डॉइचक्लासे (जर्मन शिकवणारे वर्ग) असतात, भाषेमुळे गुण कमी पडले तर सवलतही असते, आणि रेआलशूलेनंतर पुढे विद्यापीठापर्यंतची वाट खुली राहते. म्हणजे दार बंद होत नाही, फेरा पडतो. निघायच्या सहा महिने आधी पुण्यातच जर्मन सुरू करा, बायकोचंही.

धाकट्याला काहीच अडचण नाही, अडचण बालवाडीत जागा मिळण्याची. राहत्या पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात शहराच्या किटा फाइंडर प्लस पोर्टलवर नाव घाला.

दुबईत उलट. सीबीएसई तिथे, सीबीएसई पुण्यात. परत आलात तर मुलीचं काही अडत नाही. पण नोकरी गेली की व्हिसाही जातो. जर्मनीत ब्लू कार्डवर (पदवीधर परदेशी नोकरदारांचा परवाना) २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मिळतं, बी-१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनी.

सिंहगडरोड:
धन्यवाद सगळ्यांना! पेन्शनचे कापलेले पैसे परत मिळतात असं ऐकलं. आणि तिकडे गेल्यावर इथे एनआरई एफडी (परदेशस्थ भारतीयांच्या मुदतठेवी) केल्या तर?

हिशोबनीस:
मिळतात, पण 'पाच वर्षं' हाच आकडा अडचणीचा आहे. ६० महिन्यांपेक्षा कमी भरणा असेल तर युरोपीय संघ सोडल्यावर २४ महिने थांबून तुमचा हिस्सा परत मागता येतो. कंपनीचा नाही, व्याजही नाही. ५९ महिन्यांचे ३८,००० युरो होतील. साठावा महिना भरला की ते पैसे अडकतात, मग वयाच्या ६७ व्या वर्षी पेन्शन, भारतातही मिळते. राजीनाम्याची तारीख ठरवताना पगारपत्रकं मोजा.

एनआरई व्याज भारतात करमुक्त, जर्मनीत नाही. तिथले रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. नवरा-बायको मिळून २,००० युरोपर्यंत सूट, वर २६.३७५ टक्के. दुबईत हा प्रश्न येत नाही. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणार असाल तर दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: भाडेकरूला तुमचा टीडीएस कापावा लागतो, हे करारातच लिहून घ्या.