मदत हवी: त्रिंकोमालीच्या फोटोतली एस्कॉर्ट कॅरिअर 'शाह' की 'अमीर'?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत पोस्टकार्डाएवढा एक फोटो सापडला. मागे पेन्सिलीनं 'त्रिंकोमाली' (श्रीलंकेतलं बंदर) लिहिलंय, साल नाही. आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर (बॉयलर सांभाळणारे खलाशी) होते, 'गोदावरी' स्लूपवर, म्हणजे छोट्या युद्धनौकेवर. फोटोत समोर दुसऱ्या महायुद्धातली एक बुटकी विमानवाहू नौका, म्हणजे एस्कॉर्ट कॅरिअर, उभी आहे.

आयलंड (डेकवरचा मनोरा) उजवीकडे, पुढच्या टोकाजवळ, अगदी छोटं. त्यात धुराडं नाही. पिछाडी स्वच्छ दिसते आणि ती गोल आहे. म्हणून अमेरिकी एस्कॉर्ट कॅरिअरांचा कॅसाब्लांका वर्ग मी बाद केला. त्या ५० नौकांची पिछाडी सपाट कापलेली, आणि तिथे ५ इंची तोफ एकच, मधोमध. इथे दोन तोफा आहेत, दोन्ही अंगांना एकेक. सँगमॉन वर्ग मूळचा तेलवाहू जहाजांचा, त्यांच्या कुशीतल्या मोठ्या उघड्या जागा इथे नाहीत. राहिला सी-३ नावाच्या मालवाहू जहाजाच्या सांगाड्यावर बांधलेला बोग वर्ग. त्यातल्याच ब्रिटिशांना मिळालेल्या नौकांची नावं आपल्या ओळखीची: अमीर, बेगम, शाह, राजा, राणी, नबाब.

गाडी अडलीय ती नौकेवर रंगवलेल्या नंबरावर. फोटोची घडी बरोबर त्यावरूनच गेलीय. 'डी' वाचता येतो, मधला आकडा गेला, शेवटचा उभ्या रेघेसारखा आहे. 'बेगम' डी ३८, म्हणजे ती नसावी. पण 'शाह' डी २१ आणि 'अमीर' डी ०१! डेकवर पंख मिटलेली तीन विमानं आहेत. एकाची काच लांबलचक, मागे गोल टरेट (फिरत्या बंदुकीचा घुमट), तेव्हा ते अ‍ॅव्हेंजर बॉम्बफेकी विमान. १९४५ मध्ये 'अमीर'वर हेलकॅट लढाऊ विमानं होती, त्यामुळे माझा कल 'शाह'कडे आहे, पण फोटो १९४४ चा असेल तर एवढ्यावर ठरवता येत नाही.

'शाह' असावी असं मनापासून वाटतं त्याला कारण आहे. १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्सजवळ 'गोदावरी' आणि ब्रिटिश फ्रिगेट 'फाइंडहॉर्न' यांनी यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. त्या शोधमोहिमेत 'शाह' आणि 'बेगम' दोघी होत्या. आजोबा त्या दिवसाबद्दल घरी कधीच बोलले नाहीत.

या दोन जुळ्या बहिणींच्या डोलकाठीवरच्या रडारमध्ये किंवा कुशीच्या रंगपट्ट्यांत फरक होता का? विमानांवरच्या गोल ओळखचिन्हात लाल ठिपका आहे की नाही यावरून साल कितपत सांगता येतं? ६०० डीपीआय स्कॅन तयार आहे, नंबराचा भाग वेगळा मोठा करूनही देतो. आई थांबलीय उत्तरासाठी.