मदत हवी आहे: तीन सायकली घेऊन बर्फातला घाट चढेल अशी गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार. आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवुड येथे राहतो. सध्याची बारा वर्षांची सेडान येत्या दोन महिन्यांत बदलायची असून तीस हजार डॉलरच्या आत, दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी घेण्याचा विचार आहे. माणसे तीन आणि सायकलीही तीनच. त्यांतली माझी विजेवर चालणारी सायकल, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घेतलेली, बॅटरीसह ५८ पाउंडांची आहे.

सायकली उन्हाळ्यात आणि बर्फ हिवाळ्यात, तेव्हा दोन्हींची सांगड कशाला, असे कोणाला वाटेल. आमची अडचण अशी की आम्ही एप्रिलमध्ये कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाजवळच्या फ्रूटा गावी सायकली चालवायला जातो. तिथल्या पायवाटा तेव्हा कोरड्या असतात, पण आय-७० महामार्गावरून जाताना आधी आयझेनहॉवर बोगदा आणि मग व्हेल पास हा घाट ओलांडावा लागतो, आणि दोन्ही ठिकाणी त्या दिवसांत सर्रास बर्फ पडतो. गेल्या एप्रिलमध्ये नवरा आणि मुलगी दोघेच दोन सायकली घेऊन गेले होते. परतताना व्हेल पासवर सेडानची पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि डिकीला पट्ट्यांनी बांधलेल्या रॅकची एक पट्टी सैल झाली. गाडी कशीबशी घरी आली, पण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर फवारलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा राखाडी चिखल सायकलींवर थापला गेला होता. थकव्यामुळे धुण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले, तोवर मुलीच्या सायकलची साखळी तांबूस झाली होती.

टपावरचा रॅक आम्ही विचारातून काढून टाकला आहे. ५८ पाउंडांची सायकल डोक्यावर उचलणे मला शक्य नाही, शिवाय टपावर सायकली आहेत हे विसरून गाडी थेट गॅरेजमध्ये घालणारे शेजारी आम्ही पाहिले आहेत. टांगायचा रॅकही नको, कारण माझ्या सायकलीला आडवी दांडी नाही. म्हणजे हिचमध्ये (गाडीच्या मागे खाली बसवलेल्या जोडणीच्या खाचेत) बसणारा, सायकलींची चाके ठेवायच्या ट्रेचा रॅक हाच पर्याय उरतो, आणि खरा घोळ इथेच आहे.

टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिडची ओढण्याची क्षमता १,७५० पाउंड आहे. हिचवर येणारा उभा भार साधारणपणे तिच्या दशांशाइतका धरतात, म्हणजे १७५. माझी सायकल ५८, नवऱ्याची ३३, मुलीची २७ आणि तीन सायकलींचा रॅक ६५ पाउंड, अशी बेरीज १८३ होते. बॅटरी काढून गाडीत ठेवली तर ती बरोबर १७५ वर येते! इतक्या काठावरच्या हिशोबावर खड्ड्यांतून जाणे मला पटत नाही, कारण रॅक हिचपासून बाहेर लांबवर असल्यामुळे प्रत्यक्ष ताण या आकड्याहून जास्त पडतो. सुबारू आउटबॅकच्या साध्या अडीच लिटर इंजिनाच्या गाडीला ओढण्याची मर्यादा २,७०० पाउंड आहे, म्हणून मन तिच्याकडे झुकते. पण टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले इंजिन उंचावरच्या विरळ हवेत दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते, आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. म्हणजे कागदावरच्या १८२ अश्वशक्तीपैकी जवळजवळ एक तृतीयांश तिथे हाताशी नसते. टर्बोची आउटबॅक आमच्या अंदाजपत्रकात जेमतेमच बसते.

बर्फाबाबत माझे मत ठरत आले आहे, तरी चुकत असेल तर सांगावे. आय-७० च्या मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी रचना) किंवा योग्य टायर असावे लागतात आणि टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल असावी लागते. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला चढावर पुढे काढते, पण उतारावर थांबवण्याचे काम टायरचेच असते. त्यामुळे कोणतीही गाडी घेतली तरी विंटर टायरचा वेगळा संच घेणारच आहोत. ऑल व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत एक टायर कामातून गेला की बाकीच्यांशी नक्षीची खोली जुळवण्यासाठी अनेकदा चारही बदलावे लागतात, हा खर्चही आम्ही धरून चाललो आहोत.

आता प्रश्न. तीन सायकली आणि सामान घेऊन सिल्व्हरथॉर्नपासून बोगद्यापर्यंतची चढण अडीच लिटरच्या आउटबॅकने कोणी नियमित चढते का, आणि ट्रकच्या रांगेत अडकल्यावर पुन्हा वेग घ्यायला ती किती कुरकुर करते? रॅव्ह-फोर हायब्रिडवर विजेची एक सायकल धरून तीन सायकली नेणारे कोणी असल्यास त्यांनी वजनाचे गणित कसे बसवले? चिखलापासून बचावासाठी सायकलींवर आच्छादन घालावे, की वाऱ्याने ते फडफडून रंग खरवडतो?

शनिवारी एक आउटबॅक पाहायला जात आहोत. तिला आधीच्या मालकाने हिच बसवलेला आहे, परंतु त्याची खाच सव्वा इंची आहे आणि त्यात बसणारे बहुतेक रॅक दोनच सायकलींचे असतात. तो काढून दोन इंची बसवणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे, की मागचा बंपर उतरवावा लागतो? तसे असेल तर किमतीत किती सूट मागणे रास्त ठरेल, तेही कृपया कळवावे.