मोबाइलवर रोज येणाऱ्या एका वचनावर विश्वास वाढतो का?

कृष्णाकाठ, सांगली
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेपासून वचनं यायला लागतात. सूर्योदयाचं चित्र, त्यावर बायबलमधली एक ओळ, आणि खाली आमेनची रांग. माझं मत स्पष्ट आहे: याने कोणाची आत्मिक वाढ होत नाही. उलट आज वचन वाचून झालं असं वाटतं आणि बायबल कपाटातच राहतं.

सगळ्यात जास्त फिरतं ते यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो ते वचन. बारावीचा निकाल, लग्न, नोकरी, सगळीकडे तेच. पण ते यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय. त्याच्या आधीचंच वचन म्हणतं, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते! तोवर काय करायचं तेही लिहिलंय: तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. आपण अकरावं वचन तेवढं उचललं की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा निरोप घालतो. मला हे फार गंभीर वाटतं.

आमच्या घरी जेवणाआधी टीव्ही बंद करून एकाने मोठ्याने एक अध्याय वाचायचा, अशी पद्धत आहे. सध्या मार्कचं शुभवर्तमान चाललंय, सोळाच अध्याय आहेत. मुलगा इंग्रजी माध्यमातला, जोडाक्षरांना अडखळतो, वाचू देतो. पाचव्या अध्यायात येशू एका माणसातली भुतं काढतो, ती डुकरांत शिरतात आणि दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात, तिथे तो थांबला आणि म्हणाला, "ज्याची डुकरं होती त्याला भरपाई कोणी दिली?" त्या रात्री जेवण गार झालं. पण तिथले लोक येशूला निघून जायला का सांगतात, यावर आम्ही पहिल्यांदाच घरात बोललो. फॉरवर्ड केलेल्या ओळीवर असं बोलणं होत नाही.

मिरजेची सिस्टर
दादा, तुमच्या घरी सगळे एका वेळी जेवतात, देवाची कृपा. आमच्याकडे मी नाइटला, मिस्टर कारखान्यात शिफ्टला, सासूबाई देवळात जाणाऱ्या. अध्याय कोणी वाचायचा आणि कोणी ऐकायचा? ड्यूटीवर जाताना रिक्षात जे एक वचन वाचते, त्यावर माझी रात्र निघते.

आणि एका वचनात ताकद नसते, हे मला मान्यच नाही. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूने सैतानाला तिन्ही वेळा एकेका वचनानेच उत्तर दिलं. तिन्ही बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातली. अध्याय वाचत बसला नाही.

माझी आजी निरक्षर होती. 2019 च्या महापुरात आम्ही माडीवर अडकलो तेव्हा ती 121वं स्तोत्र म्हणत होती. तिने कधी संदर्भ तपासला नव्हता. तिचा विश्वास वाढला नव्हता असं मला कोणी सांगू नये.

कृष्णाकाठ, सांगली
ताई, तुमच्या आजीला माझा मनापासून सलाम. पण 121वं स्तोत्र आठ वचनांचं आहे आणि त्यांना ते सगळं पाठ होतं. मी हेच तर मागतोय.

अरण्यातल्या प्रसंगाचं म्हणाल तर सैतानही वचनच फेकतो. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे 91व्या स्तोत्रातलं. अगदी आजकालच्या चित्रावर शोभेल असं. येशूला त्यातली लबाडी कळली, कारण त्याला सगळं शास्त्र माहीत होतं.

वाईकर
कृष्णाकाठांशी सहमत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळून गेले. मत्तयाचे 5 ते 7, सलग तीन अध्याय. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. याच टिळकांनी पुढे 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. अर्थात वाचनासोबत ते भजनही करायचे, ते विसरू नये. आपल्या लोकांच्या तोंडी वचन बसलं ते गाण्यातून. घरच्या प्रार्थनेत एक अभंग हवाच.

माहेर कोरेगाव
जेवणाआधी वाचन म्हणजे ज्या बाईच्या हातात भाकरी आहे ती स्वयंपाकघरातूनच ऐकणार. जेवणानंतर वाचा, आणि भांडी सगळ्यांनी मिळून घासा.

तासगाव बागायत
एक वचन की एक अध्याय, यावर तुम्ही भांडताय. माझा मुद्दा वेगळाच आहे. मी द्राक्षवाला. छाटणी, विरळणीला बायकांची टोळी येते. मालाचे पैसे अडकले की व्यापाऱ्याचं नाव सांगून मजुरी पुढे ढकलायची, ही आमच्या भागातली सर्रास रीत आहे. त्यात रविवारी पहिल्या बाकावर बसणारेही आहेत. जुन्या करारातलं लेवीय 19:13 सांगतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. ही वचनं सूर्योदयाच्या चित्रावर मी आजवर पाहिली नाहीत. घरोघरी मोठ्याने वाचलेलीही ऐकली नाहीत. शनिवारच्या शनिवारी मजुरी हातात पडते का, यावरून मी माणसाची वाढ ओळखतो. वाचन कितीही करा.

कृष्णाकाठ, सांगली
बागायतदार, पूर्ण पटलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. लेवीय 19:13 कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण ते कोणाला गोड लागत नाही. सलग वाचणाऱ्याला ते चुकवता येत नाही. पुस्तक क्रमाने वाचा म्हणतो ते त्यासाठीच. नावडतं वचनही समोर येतं आणि बायको-मुलांच्या देखत वाचावं लागतं.

मिरजेची सिस्टर
दुपारी झोपायच्या आधी यिर्मया 29 सगळा वाचला. सातवं वचन मला कधीच कोणी पाठवलं नव्हतं: ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सासरच्या घरात एकटीच ख्रिस्ती असलेल्या बाईला ते किती लागू पडतं, ते मी इथे लिहीत बसत नाही. पण दादा, पहाटे तीनला वॉर्डात म्हातारा पेशंट हात धरून "सिस्टर, काहीतरी म्हणा" म्हणतो, तेव्हा अध्याय म्हणता येत नाही. तेव्हा "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढंच म्हणते. ते मी सोडणार नाही.