‘कॅच’ म्हणजे फक्त पकडणे?

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या-त्यांच्या भागांवरून दिली आहेत.)

नौपाडा : नववीच्या भाषांतरात ‘ही कॉट अ कोल्ड’चं ‘त्याने सर्दी पकडली’ हमखास सापडतं. चेंडू, चोर, गाडी, सर्दी, आग, शब्द, सगळ्यांना इंग्रजीत एकच क्रियापद पुरतं. मराठीत कुठे काय वापरायचं ते एकदा नीट लावून घेऊ.

वाशी : ‘कॅच’ जुन्या उत्तर फ्रेंचमधून आला. ‘चेस’ (पाठलाग करणे) त्याचा सख्खा भाऊ, मूळ दोघांचंही लॅटिन. सुरुवातीला ‘कॅच’चाही अर्थ पाठलाग करणे असा होता, हाती लागण्याचा अर्थ नंतर वरचढ ठरला. मराठीत मात्र वस्तू कशी येतेय किंवा जातेय ते बघावं लागतं. निसटू पाहणाऱ्याला पकडतो, हवेतून अंगावर येणारं झेलतो, पुढे असलेल्याला गाठतो, हाताशी असलेलं धरतो. म्हणून क्रिकेटमध्ये झेल आणि कुस्तीत पकड.

गाडीचं बघा. ‘उद्या ८:१२ची वाशी लोकल पकडू’ हा झाला बेत. ‘जिना धावत उतरून गाठली’ यात धडपड आली. ‘मिळाली एकदाची’ यात नशीब. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘कॅच’च.

माणसांच्या बाबतीत जरा जपून. ‘साहेबांना लिफ्टपाशी गाठलं’ म्हणजे काम घेऊन मुद्दाम भेटलो. ‘पकडलं’ म्हटलं की साहेब टाळत होते असा वास येतो. आणि ‘एकटं गाठलं’ तर सरळ मारामारीकडे जातं. लाच घेणाऱ्याला मात्र रंगेहाथ ‘पकडतात’, तिथे दुसरं काही चालत नाही.

कोपरी : ‘गाडी पकडणे’ हे उसनं वाटतं. लिहिताना ‘गाठणे’च ठेवावं.

वाशी : नाही पटत. ठाण्याच्या फलाटावर ‘कुठली गाठणार?’ असं कुणी विचारत नाही. रुळलेला शब्द खोडून काय मिळवायचं?

ऐरोली : सर्दीचं सांगते. मराठीत माणूस आजाराला काही करत नाही, आजारच माणसाला होतो. सर्दी, पडसं, खोकला होतो. ताप येतो किंवा भरतो. जुनाट दुखणं जडतं. साथीच्या रोगाची लागण होते. त्यामुळे चूक क्रियापदाइतकीच विभक्तीचीही आहे. मुलं ‘पकडली’ खोडून ‘झाली’ लिहितात आणि ‘त्याने’ तसंच ठेवतात. मग ‘त्याने सर्दी झाली’ असं भलतंच काहीतरी तयार होतं. आधी ‘त्याने’चं ‘त्याला’ करून घ्या, मग क्रियापद आपोआप सुचतं. पावसात आपण सापडतो, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकतो. तिथेही पकडणारं कुणी नसतं.

आगीत एक बारकावा आहे. घराला, गोदामाला आग लागते. पडदा, कपडा, गाडी पेट घेते. ‘धावत्या बसने पेट घेतला’ ही बातमी म्हणूनच कानाला खटकत नाही.

बेलापूर : मासळी राहिली की! ‘मासे पकडणे’ चालतं, पण धंद्याचं नाव मासेमारी, आणि आगरी-कोळी बोलीत म्हावरं ‘गावतं’. गावणे म्हणजे सापडणे. ‘टुडेज कॅच’ला ‘आजची मासळी’ पुरे.

नौपाडा : ‘आय डिडन्ट कॅच युअर वर्ड्स’?

वाशी : ‘नीट ऐकू आलं नाही.’ इथे ‘शब्द झेलला नाही’ लिहिलं तर अर्थ पार उलटा होतो. शब्द झेलणे म्हणजे सांगितलेलं तत्काळ करणे, तेव्हा तुम्ही आज्ञा मोडली असं होईल. ‘शब्दात पकडणे’ आणखी वेगळं, ते वकिलांचं काम. बोलण्यामागचं सुचवणं कळलं असेल तर ‘रोख लक्षात आला’. झेलण्यात सोसणंही येतं, जसं टीका झेलली, गोळी झेलली.

नौपाडा : आणि ‘व्हॉट्स द कॅच’?

ऐरोली : ‘यात गोम काय?’ किंवा ‘मेख कुठे आहे?’ फ्लॅट स्वस्त आहे पण ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, इथेच ग्यानबाची मेख! ‘यात पकड काय’ नको. पकड म्हणजे एक तर कुस्तीतली, नाहीतर अवजार, नाहीतर विषयावरची हुकमत.

कोपरी : ‘कॅच युअर ब्रेथ’ला ‘दम धर’ लिहिलेलं पाहिलंय.

ऐरोली : ‘दम खा’ किंवा ‘दम घे’ हवं. ‘दम धर’ म्हणजे ‘जरा थांब, घाई करू नकोस’. आणि ‘दम दे’ तर धमकावणं झालं.