फोन एजंटच्या हाती कॅलेंडर: 'दहा मिनिटांचं काम' म्हणणाऱ्यांना उत्तर

घट्टविण:
'फोन उचलणाऱ्या एआय एजंटला कॅलेंडर जोडणं दहा मिनिटांचं काम. गुगलची परवानगी घ्या, "वेळा बघ" आणि "नोंद कर" अशी दोन टूल्स द्या, झालं.' ही पोस्ट वाचली आणि खाली धन्यवादांची रांग पाहिली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

गुगल कॅलेंडर टक्कर अडवत नाही. एकाच वेळेवर दुसरी नोंद पाठवा, तीही मुकाट्याने घेतं. फ्रीबिझीने, म्हणजे कोणती वेळ व्यस्त ते सांगणाऱ्या गुगलच्या सोयीने, वेळ मोकळी दाखवली त्या क्षणापासून माणूस विचार करतो, नाव सांगतो, एजंट परत वाचून दाखवतो. यात मिनिट-दीड मिनिट सहज जातं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कॉलवर तीच वेळ दिलेली असते. शिवाय टूलचं उत्तर वेळेत आलं नाही की एजंट पुन्हा विनंती धाडतो. पहिली पोचलेलीच असते. एका माणसाच्या दोन नोंदी.

परवानगीचंही तसंच. अ‍ॅप 'टेस्टिंग' अवस्थेत ठेवलं की रिफ्रेश टोकन, म्हणजे परवानगी चालू ठेवणारी किल्ली, 7 दिवसांत मरतं. आठवडाभर सगळं झकास, आठव्या दिवशी एजंट येईल त्याला 'आत्ता वेळ दाखवता येत नाही' म्हणत बसतो.

म्हणून मध्ये आपला छोटा सर्व्हर हवाच. त्याने मोकळ्या वेळांना क्रमांक द्यायचे, मॉडेलने (एजंटमागच्या एआयने) फक्त क्रमांक परत करायचा. तारीख-वेळ मॉडेलला स्वतः रचू द्यायचीच नाही. ऐकवलेली वेळ 5 मिनिटं रोखून धरायची, नोंद झाली नाही तर सोडून द्यायची.

सरळवाट:
ती पोस्ट माझी. एक माणूस, एक कॅलेंडर, एका वेळी एक कॉल. टक्कर कोणाशी होणार? असं लिहून नवख्यांना दारातूनच परत पाठवता तुम्ही. दुहेरी नोंदीचा उपायही गुगलमध्येच आहे: नोंदीचा आयडी आपल्याला देता येतो. तारीख आणि वेळेवरून आयडी बनवा, त्याच वेळेवर दुसरी नोंद आली की 409 मिळतो, म्हणजे 'हा आयडी आधीच आहे' असा नकार. कुलूप तयार. सर्व्हर कशाला?

घट्टविण:
हे कुलूप बंद होत नाही. सकाळी 10ची 45 मिनिटांची नोंद आणि साडेदहाची 30 मिनिटांची, दोघांचे आयडी वेगळे, दोन्ही आत, आणि पहिलीची शेवटची 15 मिनिटं दुसरीवर. त्याहून वाईट म्हणजे नोंद रद्द केली तरी आयडी अडकलेलाच राहतो. तीच वेळ दुसऱ्याला द्यायला गेलात की पुन्हा 409, वेळ मोकळी असूनही. आणि आयडीची टक्कर नोंद करतानाच पकडली जाईल याची हमी देत नाही, असं गुगलनेच लिहून ठेवलंय.

आयडी वापरा, पण पुन्हा आलेली तीच विनंती ओळखण्यापुरता. कॉलचा आयडी आणि वेळ मिळून हॅश (त्यांच्यावरून निघणारा ठरावीक संकेत) काढा, हेक्समध्ये (0 ते 9 आणि ए ते एफ) लिहा. आयडीत 0 ते 9 आणि ए ते व्ही एवढीच अक्षरं चालतात, किमान 5. यूयूआयडी (यंत्राने बनवलेला एकमेव आयडी) घ्यायचा तर मधल्या रेघा काढा, नाहीतर नाकारतो. खरं कुलूप पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये: वेळेच्या रेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट. एकमेकांवर चढणारी नोंद डेटाबेसच घेत नाही.

पावकी:
कुलपावर भांडा खुशाल, पण आत नोंद कोणत्या वेळेची जातेय ते कुणी बघतंय का? माणूस म्हणतो 'पावणेतीन', एजंट त्यातला 'पाव' पकडून 3:15 लिहितो. 'पावणेएक'ला कधी 1:15, कधी मध्यरात्रीनंतरचे 12:45. आणि 'परवा'? मागचाही परवाच, पुढचाही परवाच.

सरळवाट:
मॉडेल बदला. आताच्या मॉडेलना पावणेतीन चांगलं कळतं. आणि मागच्या परवाची वेळ कोण घेतं? बुकिंगमध्ये परवा पुढचाच.

पावकी:
'परवाची वेळ बदलायची आहे' म्हणजे पुढचा. 'परवा घेतलेली वेळ बदलायची आहे' म्हणजे मागचा. वेळ बदलणारे फोन करतातच ना? आणि शनिवारी कुणी 'पुढच्या सोमवारी' म्हणालं तर दोन दिवसांनी की नऊ? माणसांतच एकमत नाही, तिथे मॉडेल कोणतं घ्याल?

मॉडेल बदला हे उत्तर ऐकून कान किटले! मॉडेलला कळतं हो, पण त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. साध्या फोनचा आवाज 8 किलोहर्ट्झवर घेतलेला, त्यातही साधारण 300 ते 3400 हर्ट्झचा पट्टा. 'स'चा जोर त्याच्या वर असतो, तो कापला जातो. 'साठ'चं 'आठ' होतं, 'साडेसात'चं 'साडेआठ'. फोन नंबर जोडीजोडीने सांगणाऱ्यांचं 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट' वेगळं काढून दाखवा.

उपाय एकच, वेळ दुसऱ्या रूपात परत वाचायची: 'गुरुवार, 14 तारीख, दुपारी पावणेतीन, म्हणजे दोन वाजून पंचेचाळीस मिनिटं.' तारखेचा वार सर्व्हरने काढायचा, मॉडेलने नाही. नंबर विचारायचाच नाही, कॉल आलेला नंबर घ्यायचा. वेगळा हवा असेल तर कीपॅडवर दाबायला सांगायचा.

तिसरीकळ:
एवढं करण्यापेक्षा एसएमएसने बुकिंगची लिंक पाठवा. वेळ माणूस स्वतः निवडेल.

पावकी:
ज्याला लिंक चालते तो फोन करत नाही. हात मोकळे नाहीत किंवा स्क्रीन जमत नाही, म्हणून तर तो बोलतोय. त्याला लिंक देणं म्हणजे फोन न उचलण्यासारखंच.

तिसरीकळ:
लिंकचं सोडतो. पण एक कुणीच काढलं नाही. नोंदीचं टूल चालू असताना माणूस मध्येच बोलला की एजंट थांबतो आणि ते टूल रद्द झालं असं धरतो. कॅलेंडरमध्ये नोंद पडलेली असते. मग एजंट दुसरी वेळ देतो. म्हणून नोंदीच्या टूलपुरतं मध्ये बोलणं दुर्लक्षित करा, आणि नवी वेळ देण्याआधी या कॉलची नोंद झालीय का ते सर्व्हरला विचारा.

सरळवाट:
बरं. 'दहा मिनिटं' मागे घेतो. रद्द नोंदीचा आयडी अडकतो हे मला माहीत नव्हतं, तेही मान्य. पण एकट्या माणसाला पोस्टग्रेस सांगणं जास्तीचंच आहे, यावरून हलणार नाही. एका वेळी एकच कॉल अशी मर्यादा लावली आणि नोंदीच्या आधी फ्रीबिझी पुन्हा तपासलं तर बहुतेकांचं भागतं.

घट्टविण:
एकच कॉल असेल तर भागेल, एवढं मानतो. पण मग फ्रीबिझी नीट वापरा. टाइमझोन दिला नाही तर उत्तर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येतं आणि एजंट तेच वाचून दाखवतो. आणि सुट्टी पूर्ण दिवसाची नोंद म्हणून टाकली की वेबवर ती आपोआप 'मोकळा' अशीच लागते. फ्रीबिझीत ती दिसतच नाही, एजंट त्या दिवसाच्या वेळा वाटत सुटतो. प्रत्येक सुट्टी उघडून 'व्यस्त' करा, मग एजंट चालू करा.