बाबांना अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल चालू करू का? (रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू आहे)

सुखलियावाली:
नमस्कार मंडळी, बाबा ६८ चे आहेत, तरुणपणापासून विडी ओढायचे, व्हॉल्वचं ऑपरेशन झालं तेव्हा सुटली, तेव्हापासून वॉरफरिन चालू आहे. आता कॉलनीतल्या एका काकांनी डबा आणून दिलाय, बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते), व्हिटॅमिन सी, ई ४००, सेलेनियम सगळं एकाच कॅप्सूलमधे, म्हणे याने कॅन्सर जवळ येत नाही. बाबा उद्यापासूनच घ्यायचं म्हणतायत. देऊ का?

मेडिकलवाला_मल्हारगंज:
ताई, अजिबात सुरू करू नका. ई ची दिवसाची गरज १५ मिलीग्रॅमच्या आसपास, ४०० च्या कॅप्सूलमधे दहापटीहून जास्त असतं, आणि वॉरफरिनवर एवढं ई गेलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. लोक काउंटरवर हार्टच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवतात पण व्हिटॅमिनचं सांगतच नाहीत, त्यांना ते औषध वाटतच नाही. एखादी घेऊन झाली असेल तर डॉक्टरांना सांगा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करून घ्या. हिरड्यातून रक्त किंवा काळी शी दिसली तर थांबू नका, लगेच दवाखाना.

विजयनगरचा_निनाद:
मला तर ई पेक्षा बीटा कॅरोटीनची जास्त काळजी वाटते. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं, म्हणून फिनलंडमधे २९ हजार सिगरेट पिणाऱ्या पुरुषांना गोळ्या देऊन बघितलं, १९९४ ला निकाल आला तर बीटा कॅरोटीनवाल्यांमधे कॅन्सर १८ टक्के जास्त! मग अमेरिकेतली तशीच एक ट्रायल १९९६ मधे मधेच थांबवावी लागली. गाजर खाल्ल्याने हे होत नाही हो, गोळीतला डोसच फार मोठा असतो.

जोशीकाकू_राजवाडा:
अरे पण माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यासाठी अशाच गोळ्या दिल्यात, त्या पण बंद करू का?

विजयनगरचा_निनाद:
नाही काकू, त्या चालू ठेवा. मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) आजार मध्यम टप्प्यात असला तर तो वाढण्याचा वेग त्याने कमी होतो, हे ट्रायलमधे दिसलंय. पण २०१३ ला त्याच फॉर्म्युल्याची दुसरी ट्रायल आली त्यात बीटा कॅरोटीनवाल्या गटात फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला आणि ते बहुतेक सगळे सिगरेट *सोडलेले* लोक होते, म्हणून आता त्याऐवजी ल्युटीन असतं. ताई, तुमच्या बाबांसाठी हाच मुद्दा आहे, विडी सुटली म्हणून हे चालेल असं नाही.

सुखलियावाली:
बाप रे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. डबा कपाटात वर ठेवून दिला. पण बाबा म्हणतायत मग ताकदीसाठी काय घेऊ?

मेडिकलवाला_मल्हारगंज:
पेरू द्या की, १०० ग्रॅममधे सी २०० मिलीग्रॅमच्या वर असतं, एवढं तर गरजेपेक्षा जास्तच झालं. शुगर असेल तर विचारून. पालक-मेथी पण बंद करू नका, फक्त रोज साधारण तेवढीच असू द्या, एकदम कमी-जास्त केली की आयएनआर हलतो. आणि पुढच्या तपासणीला जाताना डबा सोबत न्या, मागचं लेबल डॉक्टरांना दाखवा.