टॉवरला नुसतं 'रॉजर' चालतं का?

शिकाऊ_वैमानिक: पीपीएलचं (खासगी वैमानिक परवान्याचं) ट्रेनिंग सुरू आहे. कंट्रोल टॉवरचं नेमकं काय काय रीडबॅक करायचं, म्हणजे ऐकून परत म्हणून दाखवायचं? आणि नंतर कंट्रोलर गप्प राहिला तर रीडबॅक बरोबर होता असं धरायचं का?

डावी_सीट: 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. रनवेवर जाणं, ओलांडणं, होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबणं), बॅकट्रॅक (रनवेवरून उलट्या दिशेने जाणं), टेकऑफ, लँडिंग. शिवाय क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारसाठीचा कोड), उंची, हेडिंग, स्पीड. हे सगळं जसंच्या तसं म्हणायचं, सोबत कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव). वाऱ्याची माहिती परत म्हणत बसू नका, उगाच फ्रिक्वेन्सी अडते.

टॉवरवाला: गप्प राहिला म्हणजे बरोबर, हे धरूच नका. आम्हालाही जे अपेक्षित असतं तेच ऐकू येतं, चुकीचा रीडबॅक निसटतो. त्यात दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं की नुसती शिट्टी वाजते. १९७७ साली टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर पॅन अॅमच्या विमानाचं 'अजून रनवेवरच आहोत' आणि टॉवरचं 'टेकऑफसाठी थांबा' असंच एकमेकांवर आदळलं. रनवेवर दोन विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. आता 'टेकऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, एरवी 'डिपार्चर'. शंका आली तर रनवेच्या बाहेरच थांबून 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हणा, कोणी रागावत नाही. (रागावलं तरी थांबा.)

डावी_सीट: आणखी एक. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्दच कापला जातो. फ्रिक्वेन्सी अचानक सुनसान झाली तर रेडिओवर 'टीएक्स' (आपण प्रक्षेपण करतोय याची खूण) पेटलेलं नाही ना बघा. बटण अडकलेलं असू शकतं.